जमिनीखालच्या केबल आणि पाइप शोधणं: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

बेसा-मनीषनगरात घराचा पाया घेणारे, धरमपेठेत जुनं घर पाडून फ्लॅट स्कीम उभी करणारे, हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांतले मेन्टेनन्सवाले, आणि रोड कटिंगची परवानगी खिशात घेऊन जेसीबीपाशी उभे असलेले कंत्राटदार. खोदण्याआधी खालच्या लाइनी शोधून द्यायला ही मंडळी आम्हाला बोलावतात. माणसं वेगळी, पण प्रश्न बहुतेक तेच. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गफलत तिथेच होते.

तुमचं मशीन जमिनीखालचं बघतं कसं?

बघत नाही. ज्या तारेतून वीज वाहते तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असतं आणि ते माती, मुरूम, डांबर यांना फारसं जुमानत नाही. आम्ही हातात धरून चालतो त्या रिसीव्हरमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. ती या क्षेत्रात आली की त्यांत अगदी बारीक व्होल्टेज तयार होतो. मशीन तो वाढवतं, आवाज काढतं आणि पडद्यावरची पट्टी चढते. या मशीनच्या लेखी पाइप किंवा केबल अशी वस्तूच नसते, असतो तो फक्त बदलता प्रवाह. प्रवाह असेल तर लोखंडी पाइपही सापडतो आणि तांब्याची केबलही. नसेल तर ऐन केबलवर उभं राहूनही मशीन गप्प.

पण पाण्याच्या पाइपात करंट कुठून येणार?

थोडा आपोआप येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिचा काही भाग अर्थिंगमधून जमिनीत उतरतो आणि परत जाताना सोपी वाट म्हणून लोखंडी पाइप, केबलचं चिलखत, जे सापडेल ते धरतो. रिसीव्हर ‘पॉवर’ मोडवर ठेवला की हे ऐकू येतं. ‘रेडिओ’ नावाचा दुसरा मोड आणखी गमतीचा आहे. फार कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी जमिनीत शिरतात आणि लांब धातूच्या लाइनींवर चढून पुन्हा बाहेर पडतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे, ते पाणबुड्यांना याच पट्ट्यातल्या लहरींवर संदेश पाठवतं. पाणबुडीसाठी निघालेल्या लहरी इथे पाइप शोधायच्या कामी येतात.

या दोन्ही मोडमध्ये आपण काहीही जोडत नाही, फक्त ऐकतो. त्यामुळे ‘खाली काहीतरी आहे’ इतकंच कळतं. ते काय आहे, ते या मोडमध्ये कळत नाही. ते कळायला आपला स्वतःचा सिग्नल लाइनवर चढवावा लागतो आणि त्यासाठी ट्रान्समीटर असतो.

मशीन फिरवलं, आवाज आला नाही. म्हणजे जागा मोकळी?

नाही. सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीतून होतं.

रस्त्यावरच्या दिव्यांची केबल घ्या. दुपारी बारा वाजता दिवे बंद, तारेत प्रवाह नाही, पॉवर मोडवर तिचा पत्ता लागत नाही. तीच केबल संध्याकाळी सातला ठणठणीत ऐकू येते. सर्व्हे दिवसा होतो आणि खड्डाही दिवसाच पडतो, म्हणून आम्ही आधी विचारतो की दिवे थोडा वेळ चालू करून मिळतील का.

दुसरी फसवी केबल म्हणजे थ्री-फेजची. तिन्ही फेजवर लोड सारखा असेल तर तिन्ही प्रवाहांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात, त्यात आतल्या कोअर एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. सगळ्यात धोकादायक ११ केव्हीची केबल सगळ्यात शांत असू शकते. तिसरी, टोकाला कॅप लावून सोडून दिलेली पण फिडर पिलरमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीत, अजून जोडलेली केबल. व्होल्टेज पूर्ण, प्रवाह शून्य. हे मशीन व्होल्टेज ऐकत नाही. सोलरच्या डीसी केबलही पॉवर मोडला कळत नाहीत. प्लास्टिकचा पाइप, सिमेंटचा पाइप, जुनी चिनी मातीची सांडपाण्याची नळी आणि धातू नसलेली फायबर केबल यांचा तर प्रश्नच नाही.

म्हणून आमच्या रिपोर्टमध्ये ‘काहीच नाही’ असं वाक्य येत नाही. ‘या पद्धतीने, या दिवशी, इथे काही आढळलं नाही’ असं येतं. काही ग्राहकांना ही पळवाट वाटते. ती पळवाट नाही, मशीनची खरी मर्यादा तेवढीच आहे.

ट्रान्समीटर जोडायला चालू लाइनला हात लावावा लागतो का?

तीन पद्धती आहेत. पहिली थेट जोडणी: ट्रान्समीटरची एक तार पाइपच्या व्हॉल्व्हला, नळाला किंवा मेलेल्या केबलच्या टोकाला, आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला. ही सळई लाइनच्या काटकोनात, जमेल तितकी दूर ठोकायची. लाइनच्या बाजूनेच ठोकली किंवा मधल्या दुसऱ्या पाइपापलीकडे नेली तर सिग्नल त्या भलत्या पाइपातून परततो. सिग्नल सगळ्यांत स्वच्छ याच पद्धतीत मिळतो. पण चालू विजेच्या तारेला थेट जोडणी करायची नाही. त्यासाठी खास आयसोलेशनचे प्लग असतात आणि ते वापरायचं काम प्रशिक्षित माणसाचं.

दुसरी क्लॅम्पची. केबल कुठे उघडी दिसत असेल, पिलरमध्ये किंवा भिंतीवर चढताना, तर तिच्याभोवती चिमट्यासारखा क्लॅम्प बसवायचा. वीज बंद करावी लागत नाही, म्हणून हॉस्पिटल आणि कारखान्यांत हीच सोयीची. अट एकच: त्या केबलला दोन्ही टोकांना अर्थिंग हवं, नाहीतर सिग्नल फिरायला वाटच मिळत नाही.

तिसरी इंडक्शन. कुठेच हात पोहोचत नसेल तर ट्रान्समीटर जमिनीवर ठेवायचा आणि तो आपलं क्षेत्र खाली सोडतो. झटपट होते, पण खाली जे जे धातूचं आहे त्या सगळ्यावर सिग्नल बसतो. शिवाय रिसीव्हर जवळ आणला तर तो हवेतून थेट ट्रान्समीटरच ऐकायला लागतो, जमिनीखालचं काही नाही. मध्ये पंधरा-वीस मीटर अंतर तरी ठेवावं. ट्रान्समीटरच्या शेजारीच उभं राहून ‘इथे जोरात वाजतंय’ म्हणणारा माणूस दिसला तर त्याला प्रेमाने बाजूला घ्या.

फ्रिक्वेन्सी कोणती वापरता?

५१२ किंवा ६४० हर्ट्झसारखी कमी फ्रिक्वेन्सी दूरवर जाते आणि शेजारच्या लाइनीवर सहसा उडी मारत नाही, पण तिला थेट जोडणी लागते. ३३ किंवा ६५ किलोहर्ट्झ पटकन चढते, तुटक जोडांवरूनही जाते, मात्र लवकर विरते आणि वाटेत भेटेल त्या लाइनीवर पसरते. आठ किलोहर्ट्झ मधली, रोजच्या कामाची. सुरुवात कमीपासून करायची आणि गरज पडली तरच वर जायचं. घाईच्या कामात नेमकं उलटं होतं, कारण ३३ किलोहर्ट्झवर मशीन सगळीकडे वाजतं आणि पाहणाऱ्याला काम जोरात चाललंय असं वाटतं.

पाण्याच्या पाइपात एक वेगळी अडचण येते. हल्लीच्या डक्टाइल आयर्न पाइपांच्या जोडात रबराची रिंग असते. पाणी गळू नये म्हणून ती उत्तम, पण दोन पाइपांमधला विजेचा संबंध तिने तुटतो. तिथे कमी फ्रिक्वेन्सी दोन-चार जोडांत मरते आणि जास्त फ्रिक्वेन्सीच वापरावी लागते. शिशाच्या जोडाच्या जुन्या कास्ट आयर्न लाइनी या बाबतीत जास्त समजूतदार.

एकाच चरात तीन-चार केबल असतात. तुम्ही दाखवता तीच आमची, हे कशावरून?

सिग्नलचा आवाज मोठा म्हणून लाइन आपली असं नसतं. वरच्या वर गेलेली परकी केबल खोलवरच्या आपल्या केबलपेक्षा मोठ्याने बोलते. म्हणून चांगल्या रिसीव्हरवर प्रवाहाचं मापही दिसतं, मिलिअँपिअरमध्ये. खोलीचा परिणाम वजा करून ते काढलेलं असतं, त्यामुळे ज्या लाइनीत हा आकडा सगळ्यांत मोठा ती ट्रान्समीटर जोडलेली लाइन. शेजारणींवर चढलेला प्रवाह त्याहून कमी असतो.

दुसरी तपासणी पीक आणि नलची. पीक मोडमध्ये लाइनच्या बरोबर डोक्यावर आवाज सर्वांत मोठा होतो, नल मोडमध्ये तिथेच तो मरतो. दोन्ही खुणा एकाच जागी आल्या तर क्षेत्र गोल आणि स्वच्छ आहे, आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. दोन खुणांत वीतभराहून जास्त फरक पडला तर बाजूला दुसरं काहीतरी आहे आणि क्षेत्र वाकलंय. अशा वेळी पीकची खूण जास्त खरी असते, पण तिलाही ‘साधारण’च म्हणायचं. नुसत्या नलवर धावत सुटणं सोपं असतं, कारण खूण बारीक आणि टोकदार मिळते. ती टोकदारपणाने चुकीची असू शकते.

तरी संशय राहिला तर अर्थिंगची सळई हलवून पाहायची, जोडणी दुसऱ्या टोकाकडून करायची. महाल-इतवारीच्या गल्लीत, जिथे पाणी, वीज, टेलिफोन आणि सांडपाणी सगळं दहा फुटांत कोंबलंय, तिथे शंभर मीटर लाइनीला अर्धा दिवस जातो. मोकळ्या लेआउटमध्ये तेच काम तासाभराचं.

मशीन खोली सांगतं, ती किती खरी धरायची?

क्षेत्र स्वच्छ असेल तर चांगली. रिसीव्हरमध्ये खाली एक आणि वर एक अशा दोन अँटेना असतात. दोघींना मिळणाऱ्या सिग्नलच्या फरकावरून खोली निघते. ताळा पाहायचा असेल तर रिसीव्हर अर्धा मीटर वर उचला. आकडाही अर्ध्या मीटरने वाढला पाहिजे. नाही वाढला तर पहिला आकडा सोडून द्या. दुसरा जुना उपाय ४५ अंशांचा: लाइनीवर खूण करायची, नल मोडमध्ये रिसीव्हर ४५ अंशांत तिरका धरून लाइनीच्या काटकोनात बाहेर सरकायचं, आणि जिथे आवाज मरतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे खोली. दोन्ही बाजूंना हे अंतर सारखं आलं तर उत्तमच.

आता खरी मेख. ही खोली लाइनीच्या मध्यापर्यंतची असते, माथ्यापर्यंतची नाही. ६०० मिलिमीटरच्या लोखंडी पाइपावर मशीनने १.३ मीटर दाखवलं तर पाइपाचा माथा १ मीटरवरच आहे. तीस सेंटिमीटर म्हणजे जेसीबीच्या बकेटचा एक घाव.

पॉवर किंवा रेडिओ मोडमध्ये मिळालेल्या खोलीवर कुठलाही निर्णय घेऊ नका. वळणावर, टी-जोडाजवळ आणि लाइन खाली उतरते तिथेही नाही.

नियमाप्रमाणे केबल किती खोल असतात? तो आकडा धरून चाललो तर?

भारतीय मानक आयएस १२५५ प्रमाणे लो व्होल्टेज केबलचा माथा किमान ०.७५ मीटर, ३.३ ते ११ केव्हीचा ०.९ मीटर आणि २२-३३ केव्हीचा १.०५ मीटर खाली हवा. फायबरसाठी बीएसएनएलची जुनी पद्धत १.६५ मीटर चराची. हे आकडे टाकण्याच्या दिवसाचे. त्यानंतर रस्ता उंचावतो, डांबरावर सिमेंट चढतं, फुटपाथ उकरून नवा होतो, कुठे खडक लागला म्हणून ठेकेदाराने केबल वीतभर खाली ठेवून वर मुरूम ओढलेला असतो. पश्चिम नागपुरात बेसाल्ट किती वर येतो ते पाया खणणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

एचडीडी मशीनने, म्हणजे चर न खणता आडवं भोक पाडून, रस्त्याखालून नेलेल्या लाइनींना तर हे माप लागूच होत नाही. त्या दोन टोकांना वर आणि मध्ये तीन-चार मीटर खाली असू शकतात.

प्लास्टिकचा पाइप सापडतो का?

थेट नाही. वळसा घ्यावा लागतो. पाइपात शिरायला तोंड असेल तर फायबरग्लासची लवचीक काडी आत ढकलतो. काही काड्यांत पूर्ण लांबीची तार असते, ती ट्रान्समीटरला जोडली की सगळा मार्ग वर उमटतो. नाहीतर काडीच्या टोकाला सोंडे, म्हणजे बोटाएवढा बॅटरीवरचा ट्रान्समीटर, लावून वर रिसीव्हरने त्याचा पाठलाग करायचा. प्लास्टिकसाठी ३३ किलोहर्ट्झचा सोंडे चालतो, पण कास्ट आयर्नच्या ड्रेनेजमध्ये तो मुका होतो. तिथे ५१२ हर्ट्झच हवा. घरामागच्या तुंबलेल्या ड्रेनेजचा नेमका अडथळा शोधायलाही हीच युक्ती.

शहरातल्या चोवीस तास पाणी योजनेत बऱ्याच घरांच्या जुन्या जीआयच्या लोखंडी जोडण्या जाऊन निळे एमडीपीईचे प्लास्टिक पाइप आले. गळतीच्या दृष्टीने चांगलं झालं, आम्हाला मात्र कटकट वाढली. भरलेल्या पाण्याच्या पाइपात काडी घालता येत नाही. तिथे पाइपावर आवाजाचे ठोके सोडून वर कान लावायची यंत्रं आहेत, थोड्या अंतरापर्यंत चालतात. तुम्ही स्वतः नवीन प्लास्टिक लाइन टाकत असाल तर सोबत इन्सुलेशनवाली तांब्याची तार टाका आणि तिची टोकं चेंबरमध्ये वर काढून ठेवा. किरकोळ खर्च आहे. कुणी करत नाही.

फायबर केबल?

आत काच आहे, काचेत करंट नाही. पण काही फायबरना धातूचं चिलखत असतं, काहींच्या डक्टसोबत तार टाकलेली असते. तेव्हा ती तांब्याच्या केबलसारखीच सापडते. काहीच नसेल तर डक्टमधून काडी, किंवा रडार.

सरळ रडार आणा ना. जीपीआरमध्ये सगळं दिसतं म्हणतात.

पुणेकर सल्लागाराच्या निविदेत वाचलेलं वाक्य असावं. रडार जमिनीत रेडिओ लहरी सोडतं आणि मातीहून वेगळ्या वस्तूवरून त्या परततात. धातू असो, प्लास्टिक असो, पोकळी असो, पडद्यावर उलट्या वाटीसारखी कमान उमटते. प्लास्टिक सापडतं हा मोठाच फायदा. पण लहरींना आत जायला वाट तर मिळाली पाहिजे.

आपली काळी माती इथेच आडवी येते. बेसाल्ट झिजून बनलेली ही माती मॉन्टमोरिलोनाइट चिकणमातीने भरलेली असते. ती पाणी धरून ठेवते आणि विजेची बऱ्यापैकी वाहक असते. रडारच्या लहरी तिच्यात उष्णता होऊन संपतात. कोरड्या वाळूत जे ४०० मेगाहर्ट्झचं रडार दोन-तीन मीटर सहज बघतं, ते ओल्या काळ्या मातीत मीटरभरही पोहोचत नाही. खाली मुरूम असेल तर बरं चालतं. शहराच्या पूर्वेकडे बेसाल्ट संपून जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागतो, तिथली हलकी माती रडारला मानवते. एकाच शहरात दोन उत्तरं.

वस्तू किती लहान चालेल, याचाही हिशेब आहे. ढोबळ मानाने खोलीच्या आठ-दहा टक्के जाडी हवी. एक मीटरवर आठ-दहा सेंटिमीटरचा पाइप दिसेल, पाव इंची नळी नाही. शिवाय खोली काढायला लहरींचा मातीतला वेग माहीत असावा लागतो. कोरड्या वाळूत तो नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर, ओल्या चिकणमातीत ६ च्या आसपास. वेग चुकीचा धरला तर खोली दुपटीने चुकते. कमानीच्या आकारावरून वेग काढता येतो, तो काढलाय का, हे विचारा.

आमचं मत: आधी रिसीव्हर-ट्रान्समीटरने मिळेल तितकं घ्यावं, उरलेल्या शंकांसाठी रडार. फक्त रडारवाला आला आणि चकचकीत रंगीत चित्रं देऊन गेला, तर त्यातल्या किती कमानींना नाव आहे ते मोजा.

सिमेंट रस्त्यावर काम होतं का?

होतं, जरा त्रासाने. रस्त्याच्या स्लॅबमध्ये दर साडेचार मीटरच्या आसपास आडवा सांधा असतो आणि त्यात लोखंडी डॉवेल बार. लेनच्या सांध्यात टाय बार. सांध्याजवळ आकडे उड्या मारतात, स्लॅबच्या मध्यात बरे येतात. नालीवरची जाळीची आरसीसी स्लॅब याहून वाईट. तिथे रिसीव्हर अर्धा मीटर उचलून, सेन्सिटिव्हिटी कमी करून चालावं लागतं. नवा ओला काँक्रीट रडारला बहुतेक बंदच.

मेट्रो आणि रेल्वेजवळ?

दोन्हीकडे ओव्हरहेड तार २५ केव्ही, ५० हर्ट्झ. अजनीसारख्या ठिकाणी किंवा वर्धा रोडवर मेट्रोच्या व्हायडक्टच्या, म्हणजे उंच पुलाच्या, खाली पॉवर मोड सगळीकडेच वाजतो, त्याचा अर्थ काही नाही. तिथे ट्रान्समीटरशिवाय काम करू नये. गाडी जाऊ द्यायची आणि मग माप घ्यायचं. रेल्वे हद्दीत रेल्वेची लेखी परवानगी आणि त्यांचा माणूस सोबत हवाच. सिग्नलच्या केबल तिथे जीवावरच्या असतात.

उन्हाळा बरा की पावसाळा?

रडारला उन्हाळा. पण मे महिन्यात सळई ठोकून ट्रान्समीटर जोडला की तक्रार करतो: वरची माती भाजून निघालेली, काळ्या मातीला बोटभर भेगा, अर्थिंग मिळतच नाही. उपाय म्हणजे सळईपाशी दोन बादल्या पाणी, शक्य तर मीठ घालून. उन्हाळ्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. घरोघरी कूलर आणि एसी चालू असतात, केबलवर लोड भरपूर असतो, त्यामुळे विजेच्या केबल पॉवर मोडवर जास्त ठसठशीत येतात.

माणसांच्या दृष्टीने विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पाणाड्या नारळ घेऊन पाइपही शोधतो म्हणे.

नियंत्रित चाचण्यांत नारळ, काठी, तारा यांचा निकाल नशिबापेक्षा वर गेलेला नाही. जुन्या प्लंबरला बहुतेक वेळा व्हॉल्व्ह आणि नळ बघूनच लाइन कुठून गेली असेल ते कळलेलं असतं. हातात तार असली काय, नसली काय.

मोबाइलवर ॲप आहेत, ते?

मोबाइलमधला चुंबकमापक भिंतीतला खिळा शोधेल. डांबराखाली गाडलं गेलेलं चेंबरचं लोखंडी झाकण शोधायला आम्ही चुंबकीय लोकेटर वापरतो, तो वेगळा. एक मीटर खालची केबल फोनला कळत नाही.

नकाशे मिळतात का? कुणाकडे मागायचे?

मागा, नक्की मागा. सर्व्हेची सुरुवात कागदावरच होते. विजेसाठी महावितरण, पाणी आणि सांडपाण्यासाठी मनपा आणि ऑरेंज सिटी वॉटर, लेआउटसाठी नागपूर सुधार प्रन्यास, शिवाय बीएसएनएल आणि खासगी फायबर कंपन्या, एमआयडीसी हद्दीत एमआयडीसी. मिळालेला नकाशा मात्र जपून वाचा. शहराच्या काही भागांतली वीज वितरणाची जबाबदारी २०११ ते २०१९ खासगी फ्रँचायझीकडे होती, मग परत महावितरणकडे आली. पाण्याच्या लाइनी अंबाझरी, गोरेवाडा, कन्हान, पेंच अशा टप्प्याटप्प्याने वाढत गेल्या. परवानगीआधीच वसलेल्या ५७२ आणि १९०० लेआउटमध्ये वस्ती आधी आली, लाइनी मागून. नकाशावरची रेघ रस्त्याच्या मध्यापासून मोजली होती की काठापासून, आणि तो काठ आज कुठे आहे, हे कुणी सांगत नाही. नकाशा ‘काय शोधायचं’ ते सांगतो. ‘कुठे’ ते जमिनीवर.

‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर नोंद केली की पुरे ना?

ते पहिलं पाऊल. मार्च २०२३ मध्ये ॲप सुरू झालं, त्याच वर्षी जानेवारीत त्यामागचे टेलिग्राफ सुरक्षेचे नियम आले. खोदणाऱ्याने आधी कळवायचं आणि खाली ज्यांच्या लाइनी आहेत त्यांनी सावध करायचं, अशी रचना. अशा अंदाधुंद खोदकामाने देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं केंद्र सरकारने तेव्हा सांगितलं होतं. पण ॲपला उत्तर आलं नाही म्हणजे खाली काही नाही, असं नव्हे. मनपाची रोड कटिंग परवानगी वेगळी, तीही लागतेच.

खुणा केल्या. आता जेसीबी लावू?

आधी हाताने चाचणी खड्डा. लाइनीला आडवा, खुणेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर. टिकास आणि सब्बल खुणेवर थेट मारायची नाही. बाजूने उतरून फावड्याने आडवं सरकायचं. केबलवर विटा, सिमेंटचे टाइल किंवा लाल पट्टी दिसली तर थांबा, पुढचा थर तोच आहे. ब्रिटनच्या सुरक्षा मार्गदर्शनात केबलच्या खुणेपासून अर्ध्या मीटरच्या आत ब्रेकर चालवू नये असं आहे, आणि तो नियम इथेही पाळण्यासारखा आहे. लाइन डोळ्यांनी दिसली, तिची खोली टेपने मोजली, की मग दोन खड्ड्यांच्या मधल्या मशीनच्या आकड्यांनाही वजन येतं.

रंगांबद्दल विचारतात म्हणून: लाल विजेला, पिवळा गॅसला, नारिंगी टेलिकॉमला, निळा पिण्याच्या पाण्याला, हिरवा सांडपाण्याला. पद्धत अमेरिकेची, इथेही रुळली आहे. स्प्रेच्या खुणा दोन पावसांत जातात. खिळे ठोका किंवा भिंतीपासूनची मापं लिहून ठेवा.

केबल लागलीच तर?

सगळ्यांना लांब करा. जेसीबीचा ड्रायव्हर आग नसेल तर केबिनमध्येच बसून राहील, गाडी आणि जमीन एकाच वेळी कुणी शिवायची नाही. उतरणं भागच असेल तर दोन्ही पाय जोडून उडी, आणि तसेच छोट्या उड्या मारत लांब. वीज गेली म्हणजे केबल मेली असं धरू नका. सबस्टेशनमधून ती पुन्हा चालू करून बघितली जाऊ शकते. १९१२ ला फोन, जखमी असेल तर ११२. गॅसचा वास आला तर इंजिन, मोबाइल, बिडी सगळं बंद, लांब जाऊन १९०६.

हेच मशीन केबलचा फॉल्टही काढतं का?

मार्ग दाखवतं, फॉल्ट सहसा नाही. फॉल्टसाठी आधी मेगरने इन्सुलेशन बघतात, मग टीडीआरने पल्स सोडून अंतर काढतात, शेवटी थंपरचे ठोके देऊन वर कान लावतात. मात्र मार्ग माहीत नसेल तर ‘३४० मीटरवर फॉल्ट’ या आकड्याचा उपयोग नाही. ते अंतर केबलवरचं आहे, रस्त्यावरचं नाही, आणि केबलने कुठे गुंडाळी मारली असेल सांगता येत नाही. बाहेरच्या आवरणाला जमिनीत छिद्र पडलं असेल तर रिसीव्हरला जोडायची ए आकाराची चौकट असते. तिचा बाण फॉल्टकडे दाखवतो आणि पुढे गेलात की उलटा फिरतो.

पैसे कसे ठरतात?

धावत्या मीटरवर किंवा दिवसावर. गर्दीच्या भागात दिवसावर ठरवणं दोघांच्याही फायद्याचं. मीटरवरचा दर असला की सर्व्हेवाला धावतो.

सर्व्हेच्या दिवशी आम्ही काय तयार ठेवायचं?

चेंबरची झाकणं आदल्या दिवशी मोकळी करून ठेवा. त्यांवर गाड्या उभ्या नकोत, कुंड्याही नकोत. मीटर रूमची आणि पंपाच्या खोलीची किल्ली. आवारातले दिवे दिवसा चालू करता येतील असा कुणीतरी. नळाचं पाणी ओढणारा टिल्लू पंप कुठे लपवलाय तेही सांगून टाका, आम्ही कुणाला सांगत नाही, पण त्याची मोटर चालू-बंद होत राहिली की मापं बिघडतात. आणि सोसायटीचं काम पहिल्यापासून बघणारा प्लंबर किंवा वायरमन अजून गावात असेल तर त्याला चहाला बोलावून ठेवा. आमचा अर्धा दिवस वाचतो.